कोळसा दाबून हिरा होत नाही

आमच्या हाऊसच्या जिन्यात एक पाटी आहे. ती इंग्रजीत आहे, पण तिचा अर्थ असा, की हिरा म्हणजे दाबाखाली टिकून राहिलेला कोळसा. मी सहावीत इथे दाखल झालो त्या दिवशी बाबांनी ती पाटी दोनदा वाचली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे लक्षात ठेव." आम्ही चंद्रपूरचे. बाबा कोळसा खाणीत नोकरी करतात. घरापासून दीड दिवसाच्या रेल्वेप्रवासावर, अनोळखी डोंगरात, भिंतीवर आपल्या गावच्या कोळशाचे नाव दिसल्याचा त्यांना आनंद झाला होता.

त्याला आता चार वर्षे झाली. पहाटे फॉलिनला उशीर होतोय म्हणून एका हातात बेल्ट धरून जिना उतरतानाही ती पाटी माझ्या डोळ्यांसमोर असते. पेरेंट्स डेला तर ती पाटी कुणा ना कुणाच्या फोटोत येतेच. आणि आता दहावीत आल्यावर माझे मत झाले आहे, की ती पाटी चुकीची आहे. विज्ञान म्हणून चुकीची आहे आणि सल्ला म्हणूनही चुकीची आहे. लेख इथेच बंद करू नका. शिस्त नको, पीटी नको, शिक्षा नको असे मी म्हणत नाही. मला काय म्हणायचे आहे ते सांगण्यासाठी आधी थोडे रसायनशास्त्र सांगावे लागेल.

आम्ही सगळे विषय इंग्रजीत शिकतो. माझी बहीण चंद्रपूरला मराठी शाळेत नववीत आहे. रविवारच्या फोनवर मी तिला सांगत होतो, की कार्बनची एकाहून जास्त रूपे असतात आणि त्याला एक अवघड इंग्रजी शब्द आहे. ती म्हणाली, "दादा, आम्हाला पण आहे ते. अपरूप." मला ऐकू आले अप्रूप. मी म्हणालो, "त्यात कसलं अप्रूप?" ती इतकी हसली, की आईने फोन काढून घेतला. पण नंतर मला वाटले, की दोन्ही शब्द चालतील. मूलद्रव्य एकच, अणू तेच, आणि तरी एका रूपाने काच कापता येते तर दुसऱ्याने कागदावर लिहिता येते. याचे अप्रूप वाटायलाच हवे.

हिरा आणि कोळसा यांत एकच मूलद्रव्य आहे हे माणसाला कळले त्याला सव्वादोनशे वर्षे झाली. 1772 मध्ये फ्रान्समध्ये लव्हॉझिएने मोठ्या भिंगाने सूर्यप्रकाश एकवटून हिरा जाळला आणि त्यातून कोळसा जाळल्यावर निघतो तोच वायू निघतो असे दाखवले. 1797 मध्ये इंग्लंडच्या स्मिथसन टेनंटने त्याला वजनाचा पुरावा दिला. सारख्या वजनाचा हिरा आणि कोळसा जाळला, तर वायूही सारखाच मिळतो. म्हणजे हिऱ्यात कार्बनखेरीज वेगळे असे काही नाही. फरक आहे तो फक्त अणूंच्या रचनेत.

ही रचना समजायला अणूला चार हात आहेत असे धरा. हिऱ्यात प्रत्येक अणूने चारही हातांनी चार शेजारी घट्ट धरलेले असतात. हे शेजारी एका ओळीत नसून चार वेगवेगळ्या दिशांना, चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर असतात. असे जाळे वर, खाली, मागे, पुढे सगळीकडे पसरते. म्हणून हिऱ्यावर दुसऱ्या नैसर्गिक खनिजाने ओरखडा काढता येत नाही. कठीणपणाच्या मोह्स मापावर त्याचा क्रमांक 10 आहे. चारही हात गुंतलेले असल्याने मोकळा इलेक्ट्रॉन राहत नाही आणि शुद्ध हिऱ्यातून वीज वाहत नाही. उष्णता मात्र तो तांब्याच्या सुमारे पाचपट वाहून नेतो.

ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक अणू तीनच शेजारी धरतो. षट्कोन तयार होतात आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सपाट थर बनतो. असे थर एकावर एक असतात, पण दोन थरांमधले आकर्षण फार कमी असते. मेसमधली स्टीलच्या ताटांची चवड आठवा. ताट हाताने मोडत नाही, पण चवडीला धक्का लागला की ताटे घसरतात. पेन्सिलीने लिहिताना हेच होते. थर घसरून कागदावर राहतात. चौथा हात मोकळा असतो, म्हणजे चौथा इलेक्ट्रॉन थरभर फिरू शकतो, म्हणून ग्रॅफाइटमधून वीज वाहते. आणि गंमत अशी, की एकाच थरातला दोन अणूंमधला बंध हिऱ्यातल्या बंधापेक्षा आखूड आणि बळकट असतो. हिऱ्यात ते अंतर 0.154 नॅनोमीटर, ग्रॅफाइटच्या थरात 0.142. ज्याला आपण मऊ म्हणतो त्याच्या आत इतकी ताकद आहे. ती फक्त एका पातळीत आहे.

आता पाटीकडे येतो. तिच्यात तीन चुका आहेत.

पहिली चूक भूगर्भशास्त्राची आहे. कोळसा झाडांपासून तयार झाला. आमच्या वर्धा खोऱ्यातला कोळसा सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा आहे. बहुतेक नैसर्गिक हिरे शंभर कोटी ते तीनशे कोटी वर्षांहूनही जुने आहेत. तेव्हा जमिनीवर झाडेच नव्हती. शिवाय हिरे साधारण दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल तयार झाले आणि ज्वालामुखीच्या उद्रेकांतून वर आले. बाबांची खाण तितकी खोल नाही. कोळशात कार्बनबरोबर हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, गंधक असते, राखही पुष्कळ असते. म्हणजे पृथ्वीवरचा बहुतेक कुठलाही हिरा आधी कोळसा नव्हता.

दुसरी चूक म्हणजे हिरा हे कार्बनचे सर्वांत वरचे, शेवटचे रूप आहे असे मानणे. आपण राहतो त्या तापमानाला आणि दाबाला जास्त स्थिर रूप ग्रॅफाइट आहे, हिरा नाही. हिऱ्याचे ग्रॅफाइट होण्याची क्रिया इतकी मंद असते, की आपल्याला ती कधीच दिसणार नाही, एवढेच. हवा नसताना हिरा खूप तापवला, तर त्याचे ग्रॅफाइट होते. आणि हिरा कठीण असला तरी चिवट नाही. कठीण म्हणजे ओरखडा न पडणारा. हातोडीचा घाव योग्य दिशेने बसला, तर हिरा सरळ फुटतो. हिरे घडवणारे कारागीर शतकानुशतके हेच करून त्याचे तुकडे पाडत आले. तुकाराम महाराजांच्या अभंगात खरा हिरा ऐरणीवर घणाने पारखण्याचा दाखला आहे. तो आजीने मला कितीतरी वेळा सांगितला आहे. तो दाखला संतांच्या परीक्षेसाठी आहे आणि त्या अर्थाने मला तो आजही पटतो. पण प्रयोगशाळेत कुणी तो करून पाहू नये.

तिसरी चूक दाबाची आहे, आणि तिच्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. त्यासाठी आधी गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगतो.

मी नववीत असताना आमच्या डॉर्मिटरीत सहावीचा एक नवा मुलगा आला. तो दक्षिणेकडचा होता. त्याला हिंदी जेमतेम यायची आणि त्याची भाषा बोलणारे त्या डॉर्मिटरीत दुसरे कुणीच नव्हते. ज्युनिअर मुलांवर लक्ष ठेवायचे काम माझ्याकडे होते. त्याची चादर कधी नीट लागायची नाही, बूट कधी चमकायचे नाहीत, फॉलिनला तो शेवटी यायचा. मी त्याला मैदानाच्या चकरा द्यायचो. पाच, मग सात, मग दहा. मी कधी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. मला वाटायचे, मी माझे काम चोख करतो आहे. एकदा तो जिन्यात रडत बसला होता, तेव्हा मी त्याला पाटी दाखवली आणि अर्थ समजावून सांगितला. म्हणालो, आत्ता तू कोळसा आहेस, दाब सहन कर, हिरा होशील. त्याने डोळे पुसले, पाटीकडे बघितले आणि मोडक्या हिंदीत विचारले, "भैया, कितने दिन लगते हैं?"

मी हसलो. रात्री मित्रांना सांगितले, तेही हसले.

दिवाळीच्या सुट्टीला तो घरी गेला आणि परत आला नाही. त्याच्या वडिलांचे पत्र आल्याचे नंतर कळले. त्याचा पलंग तसाच राहिला, गादी गुंडाळलेली. मी त्याच्यावर अन्याय केला असे मला कुणी म्हटले नाही. उलट काही जण म्हणाले, "ज्यांच्यात दम नसतो ते जातात." मलाही तेव्हा तसेच वाटले होते.

यंदा कार्बनचा धडा वाचताना मला तो मुलगा आठवला. कारण धड्यात कुठेही असे लिहिलेले नाही, की या अणूत दम होता आणि त्या अणूत नव्हता. सगळे अणू एकसारखे आहेत. प्रश्न फक्त इतकाच आहे, की कुणाचे हात कुणाच्या हातात आहेत. मी त्या मुलाला चार महिने दाब दिला. त्याच्या आजूबाजूला धरायला एक तरी हात आहे का, हे मी एकदाही बघितले नाही.

हे मी आमच्या ड्रिलच्या उस्तादांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे आता कॅडेटचे लाड करायचे? दाबाशिवाय हिरा होतो का?" प्रश्न रास्त होता, म्हणून मी ग्रंथालयात जाऊन शोधले. उत्तर मला वाटले होते त्याहून चांगले निघाले.

ग्रॅफाइटपासून हिरा बनवता येतो, आणि त्याला प्रचंड दाब लागतो, हे खरे आहे. डिसेंबर 1954 मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत तो बनवला गेला. अशा पद्धतीत वातावरणाच्या पन्नास हजार पटींहून अधिक दाब आणि हजार अंश सेल्सिअसच्या बऱ्याच वरचे तापमान वापरतात. पण तिथेही नुसत्या दाबाने काम भागत नाही. बरोबर लोखंड, निकेल किंवा कोबाल्टसारखा वितळलेला धातू ठेवतात. कार्बन त्यात विरघळतो, त्याचे जुने बंध सुटतात आणि तो नव्या रचनेत बसतो. बहुतेक वेळा हिऱ्याचा एक लहानसा कणही बी म्हणून ठेवतात. नवे अणू त्या कणाला बघून, म्हणजे त्याला चिकटून, रांग धरतात.

आणि हिरा बनवायची दुसरी पद्धत तर याच्या उलट आहे. सुरतेत आज प्रयोगशाळेतले कितीतरी हिरे याच पद्धतीने वाढवतात. तिथे दाब वातावरणाच्या दाबापेक्षाही कमी असतो. एका बंद भांड्यात हिऱ्याची पातळ चकती ठेवतात, मिथेन आणि हायड्रोजन सोडतात आणि ते खूप तापवतात. मिथेनमधला कार्बन सुटून चकतीवर बसतो. जो चुकीच्या पद्धतीने बसतो त्याला हायड्रोजन काढून टाकतो, नीट बसलेला राहतो. असा थरावर थर चढत काही आठवड्यांत हिरा तयार होतो. तोही खरा हिराच. त्याचेही चार हात चार शेजाऱ्यांच्या हातात असतात.

हे उस्तादांना सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "याचा अर्थ चूक रोज दुरुस्त करायची, पण चकती पाहिजे." मी इतके पानभर लिहिले, त्यांनी एका वाक्यात सांगितले.

हायड्रोजन म्हणजे शिस्त असे मी समजतो. चुकीचे बसलेले रोज काढावेच लागते. बूट चमकलाच पाहिजे, फॉलिनला वेळेवर आलेच पाहिजे. पण चकतीच नसेल, ज्याला धरून बसायचे ते शेजारीच नसतील, तर हायड्रोजन सगळेच उडवून टाकेल. त्या मुलाचे मी तेच केले.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली. ती हिऱ्याच्या मागे लागण्याची आहे. आपण सैनिकी शाळेत आहोत, तेव्हा सैन्यात कार्बनचे कोणते रूप कामी येते ते पाहू. तेजस विमानाच्या सांगाड्याच्या वजनात सुमारे 45 टक्के भाग कार्बन फायबरच्या संमिश्रांचा आहे. त्या धाग्यांची आतली रचना ग्रॅफाइटच्या थरांच्या जवळची आहे, हिऱ्याच्या नाही. एकटा धागा वाकतो. राळेत एकमेकांशी बांधला की विमानाचा पंख होतो. 1989 मध्ये अग्नी क्षेपणास्त्राची पहिली चाचणी झाली. वातावरणात परत शिरताना बाहेर हजारो अंशांची उष्णता होती आणि आतली उपकरणे वाचवली ती कार्बनच्याच संमिश्राच्या कवचाने. डॉ. कलाम सांगत, की तेच हलके साहित्य पाहून हैदराबादच्या एका अस्थिरोगतज्ज्ञांनी त्यांना रुग्णालयात नेले. तिथली मुले पायात तीन किलोहून जड धातूचे कॅलिपर घालून चालत होती. कलामांच्या चमूने त्यांना सुमारे 300 ग्रॅमचे कॅलिपर करून दिले.

पहिल्या महायुद्धात विषारी वायू आला तेव्हा सैनिकांना वाचवले ते मुखवट्यातल्या सक्रिय कोळशाने. त्याची रचना विस्कळीत असते आणि त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. एक ग्रॅम कोळशाच्या आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरपर्यंत भरतो, म्हणून तो वायू पकडून ठेवतो. हिरा तिथे काय कामाचा? इंग्लंडच्या बॉरोडेलमधले ग्रॅफाइट एके काळी तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून लावत, म्हणून त्या खाणीवर पहारा असे. पुढे इंग्लंड-फ्रान्स युद्धात ते फ्रान्सला मिळेना, तेव्हा 1795 मध्ये काँतेने ग्रॅफाइटची भुकटी मातीत मिसळून भाजली आणि आजची पेन्सिल झाली. आपण मॅप रीडिंगला जी पेन्सिल वापरतो ती त्या टंचाईतून आली.

आणि कार्बनची नवी रूपे अजून सापडत आहेत. 1985 मध्ये साठ अणूंचा पोकळ गोळा सापडला. बारा पंचकोन, वीस षट्कोन, हुबेहूब आपला फुटबॉल. 2004 मध्ये मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोव्होसेलोव यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे थर सोलत सोलत एकच अणू जाडीचा थर वेगळा केला. त्याला ग्रॅफीन म्हणतात. 2010 चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यासाठी मिळाले. म्हणजे ज्याला सगळे पेन्सिलीतले शिसे म्हणून हिणवतात, त्याच्या एका थराने नोबेल मिळवून दिले.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली पालकांना. पेरेंट्स डेला "आमच्या पोराला हिरा करून द्या" असे म्हणू नका. तो कोणत्या रूपात जास्त उपयोगी आहे ते अजून तुम्हाला, आम्हाला, सरांनाही माहीत नाही. दुसरी माझ्यासारख्या सीनियर मुलांना. ज्युनिअरला चकरा द्यायच्या आधी तो जेवणाच्या टेबलावर कुणाशी बोलतो ते बघा. कुणाशीच बोलत नसेल, तर चकरांनी काही होणार नाही. यंदा आम्ही हाऊस मास्तरांना विचारून नव्या मुलांचे पलंग लावताना शक्य तिथे एकाच भाषेची दोन मुले जवळ ठेवली. त्याने सगळे रडे थांबले असे मी म्हणणार नाही. पण रात्री दिवे बंद झाल्यावर कुजबूज ऐकू येते, आणि मी ती ऐकू आली नाही असे दाखवतो.

तिसरी विनंती, कुणाला कोळसा म्हणू नका. तो वाईट अर्थाने म्हणायचा शब्द नाही. आमचे घर कोळशावर चालते आणि या शाळेतला माझा खर्चही. चंद्रपूरच्या केंद्रात त्याच कोळशाची वीज होते.

पाटी काढून टाका असे मी म्हणत नाही. बाबांच्या फोटोत ती आहे. सुट्टीत मी बाबांना हे सगळे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "खाणीत आम्ही चार जण एकमेकांचा आवाज ऐकत काम करतो. आवाज आला नाही की काम थांबवतो." त्यांना रसायनशास्त्र येत नाही, पण बंध म्हणजे काय ते माहीत आहे.

गेल्या महिन्यात त्या मुलाचा पत्ता मिळाला. मी त्याला सोप्या इंग्रजीत पत्र लिहिले. तू विचारले होतेस किती दिवस लागतात. मी हसलो, ती माझी चूक होती. खरे उत्तर असे, की तू कोळसा नव्हतासच. मी तुला मित्र मिळवून द्यायला हवे होते, मी चकरा दिल्या. उत्तर अजून आलेले नाही. दर शनिवारी टपाल वाटतात तेव्हा मी बघतो.

— कॅडेट, इयत्ता दहावी